तीन पॉइंटांची कथा

‘कथा’ हा शब्द आज सर्वाधिक कोठे उच्चारला जात असेल? आमचा अंदाज असा की मराठी विभागांत नव्हे, दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांतही नव्हे, तर बाणेर, खराडी आणि हिंजवडी येथील काचेच्या इमारतींत. तेथे रोज ‘स्टोऱ्या’ लिहिल्या जातात, त्यांना पॉइंट दिले जातात, त्या ‘डन’ होतात किंवा पुढल्या ‘स्प्रिंट’मध्ये ढकलल्या जातात. ज्यांनी कथेच्या व्याख्येत उभे आयुष्य घालवले त्यांना याची वार्ताही नसते. म्हणून आमचे भांडण दोन पक्षांशी आहे: शब्द पळवणाऱ्यांशी, आणि शब्द पळवला जात असताना आतून कडी लावून कथनमीमांसा करत बसणाऱ्यांशी.

हे आम्ही दुरून बोलत नाही. साहित्याची पदवी घेऊन पुढे पोटासाठी संगणकाची भाषा शिकलेले आम्ही, पुण्यातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षे होतो. माणसे बावीस, ग्राहक अमेरिकेतील दंतवैद्यांचे दवाखाने. तेथे जे चाले त्याचे नाव ‘ॲजाइल’.

या नावाचा जन्म फेब्रुवारी २००१ मधला. अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या डोंगरी ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला. चार मूल्ये, बारा तत्त्वे. प्रक्रियेपेक्षा माणसे व त्यांचा संवाद मोलाचा, जाडजूड दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोलाचे, करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य मोलाचे, आराखड्याला चिकटण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे, असा त्याचा आशय. बारांपैकी एक तत्त्व तर कामाची गती कायम टिकवता येईल इतकीच असावी असे बजावते. आता या तत्त्वाच्या शेजारी ‘स्प्रिंट’ हा शब्द ठेवून पाहावा. तो स्क्रम या पद्धतीतून आलेला, जाहीरनाम्याहून जुना. धावपटू जी धाव एकदा धावून धापा टाकत थांबतो, तिला हे नाव. आमच्याकडे एक स्प्रिंट शुक्रवारी संपे आणि दुसरी सोमवारी सुरू होई. वर्षाला सव्वीस. टिकाऊ गती आणि अखंड शर्यत हे दोन शब्दप्रयोग एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले होते, आणि सात वर्षांत कोणाला त्यात विसंगती दिसली नाही.

कथेचे तसेच झाले. नव्वदच्या दशकात केंट बेक यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ची मांडणी करताना ग्राहकाच्या गरजेला ‘स्टोरी’ म्हटले. २००१ मध्ये रॉन जेफ्रीझ यांनी तिची तीन अंगे सांगितली: कार्ड, संभाषण आणि खातरजमा. कार्ड मुद्दाम लहान, कारण त्यावर सगळे मावले तर माणसे एकमेकांशी बोलणार नाहीत. ही कल्पना आम्हांला आजही सुंदर वाटते. कीर्तनाच्या मुलखात वाढलेल्यांना ती सहज पटावी: लिहिलेले आठवणीपुरते, कथा सांगण्यात. परंतु त्याच सुमारास इंग्लंडमधील कनेक्स्ट्रा या कंपनीत तिचा एक साचाही घडला: अमुक या नात्याने मला तमुक हवे, म्हणजे मला अमके साधता येईल. जगभर पसरला तो साचा. संभाषण मागे राहिले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या साच्यातील ‘मी’कडे नीट पाहावे. हा ‘मी’ कोण? आमच्याकडे आलेली एक कथा अशी होती: रुग्ण या नात्याने मला भेटीची वेळ रद्द करण्याआधी तीन वेळा पुनर्विचार करण्याची संधी हवी, म्हणजे माझ्या दातांची हेळसांड होणार नाही. सात वर्षांत आम्ही एकही रुग्ण पाहिला नव्हता, त्यांचा आवाज ऐकला नव्हता. वेळा रद्द झाल्याने उत्पन्न बुडते ही दवाखान्याच्या मालकाची तक्रार होती, आणि ती चुकीचीही नव्हती. परंतु ती मालकाच्या तोंडी न घालता रुग्णाच्या तोंडी घातली होती. ज्याची वाट अडवायची त्याच्याच मुखातून ‘माझी वाट अडवा’ असे वदवून घ्यायचे, याला आपल्या शास्त्रात अविश्वसनीय निवेदक म्हणतात. कचेरीत त्याला ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात.

त्या कथेला पॉइंट द्यायचे होते. पॉइंटांचे आकडे ठरलेले असतात: १, २, ३, ५, ८, १३. फिबोनाचीची श्रेणी, असे आम्हांला प्रशिक्षणात सांगितले गेले. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. त्याच्या सुमारे अर्धशतक आधी हेमचंद्राने, आणि त्याच्याही कित्येक शतके आधी विरहांकाने, हेच आकडे छंदःशास्त्रात मांडले होते. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. चार मात्रांच्या मांडण्या पाच, पाच मात्रांच्या आठ, सहा मात्रांच्या तेरा. पद्याच्या शक्यता मोजण्यासाठी सापडलेली ही संख्यामाला आज माणसाच्या पंधरवड्याची किंमत ठरवते. पूर्वजांच्या गौरवासाठी आम्ही हे सांगत नाही. छंदातला आठ म्हणजे आठ मोकळ्या वाटा होत्या. तक्त्यावरचा आठ म्हणजे ‘इतका वेळ का लागला?’ या प्रश्नाची पूर्वतयारी.

आकडा ठरवण्याची रीत ‘प्लॅनिंग पोकर’. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये ती मांडली. सर्वांनी पत्ते एकाच वेळी उघडायचे, म्हणजे कोणी कोणाच्या दडपणाखाली येत नाही. आमच्याकडे संचालक पत्ते उघडण्याआधी सहज म्हणत, ‘हे तीनचंच असेल ना?’ आणि बहुतेक पत्ते तीनचे निघत. त्या दिवशी एका सहकारी बाईंनी आठचा पत्ता उघडला. कथा तीनची ठरली. काम व्हायचे तेवढेच झाले. उरलेले पाच पॉइंट त्यांच्या शनिवार-रविवारांतून वसूल झाले.

स्प्रिंटच्या शेवटी ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ असते. येथे मनमोकळे बोलावे, दोषारोप होणार नाही, असे आश्वासन असते. बाई बोलल्या. अंदाजाबद्दल नव्हे, कथेबद्दल. म्हणाल्या, ‘ही कथा खोटी आहे. कुठल्याही पेशंटला हे नको असतं.’ शांतता पसरली. मग प्रत्येकाने रंगीत चिठ्ठीवर एक सुधारणा लिहायची होती. आम्ही, कथेतील निवेदक ओळखण्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्यांनी, लिहिले: ‘संवाद सुधारायला हवा.’ वार्षिक मूल्यमापनात बाईंच्या नावापुढे ‘संघभावनेचा अभाव’ अशी नोंद झाली. मार्चमध्ये त्या गेल्या. निरोपाचा केक आम्हीच आणला होता.

यावर ठरलेले उत्तर असे की ‘तुमच्याकडे खरे ॲजाइल नव्हतेच.’ कबूल. परंतु मग खरे कोठे आहे? जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या डेव्ह टॉमस यांनी २०१४ मध्येच हा शब्द मेल्याचे लिहिले. जेफ्रीझ यांनी २०१८ मध्ये प्रोग्रॅमरांना ‘ॲजाइल’ या नावाखाली चालणाऱ्या पद्धती सोडण्याचा सल्ला दिला, आणि २०१९ मध्ये, स्टोरी पॉइंट कदाचित आपणच शोधले असतील, तसे असेल तर आपल्याला खेद आहे, असेही लिहिले. ज्यांनी घर बांधले तेच दार ओढून बाहेर पडत असताना, आतल्या भाडेकरूला ‘तुला राहता येत नाही’ म्हणणे हा युक्तिवाद नव्हे.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे. पूर्वीची पद्धत याहून वाईट होती. शेकडो पानांचा दस्तऐवज, महिनोन्‌महिने काम, आणि शेवटी ग्राहकाचे ‘हे मागितलेच नव्हते’. हे खरे आहे. छोट्या कंपनीचा मालकही मोकळा नसतो हेही खरे. एका महिन्याच्या सूचनेवर करार मोडू शकणाऱ्या ग्राहकापुढे तो आमच्याइतकाच वाकलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात, आणि तिकडे घड्याळ मागे गेले की साडेआठ. आमचा रोजचा ‘स्टँड-अप’ त्या घड्याळावर चाले. याबद्दल संचालकांना आम्ही दोष देत नाही.

आमची तक्रार एवढीच की हे वाकणे तसे म्हटले जात नव्हते. सगळे एकमेकांना अरे-तुरे करीत, संचालक आमच्याच टेबलावर डबा खात, कोपऱ्यात कॅरम होता, आणि संघ ‘स्वयंसंघटित’ होता. गिरणीचा भोंगा कोणाचा हे कामगाराला ठाऊक असे, म्हणून त्याच्याविरुद्ध उभे राहता येई. जेथे कोणी हुकूमच देत नाही तेथे नकार कोणाला द्यायचा? अंदाज मागितला जातो आणि वचन म्हणून वसूल केला जातो. २०११ साली स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेनेही ‘वचनबद्धता’ काढून तेथे ‘पूर्वानुमान’ हा शब्द घातला, पण आमच्या भिंतीवर जुनाच शब्द राहिला. जुलूम मोठा नव्हता. त्याला नाव नव्हते, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येई.

आता दुसऱ्या पक्षाकडे. नारायण सुर्वे यांची कविता आपण वर्गात शिकवतो, आणि योग्यच करतो. परंतु त्याच वर्गातली मुले उद्या ज्या कचेरीत जाणार तिची भाषा आपल्याला ‘तांत्रिक’ वाटते, म्हणून अभ्यासाबाहेरची. वस्तुतः त्या कचेरीत तंत्र थोडे आणि वाङ्मय फार आहे: कथा आहेत, समारंभ आहेत, निवेदक आहेत, आणि एक जाहीरनामाही. वाचणारा तेवढा नाही.

आमची सूचना साधी आहे. कथनशास्त्राच्या एका तासाला अशी एक ‘स्टोरी’ फळ्यावर लिहावी आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत: यातला ‘मी’ कोण, त्याला ‘मी’ कोणी केले, आणि तो खरोखर बोलला असता तर काय म्हणाला असता? त्या दुपारी हे प्रश्न विचारायला एक बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी साहित्याचा एकही तास केलेला नव्हता.