विश्लेषण : पूर-इशारा दिसतो, पण वाचला जातो का?

पावसाळ्यात कोल्हापूरकर दिवसातून चार वेळा एकच आकडा शोधतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. त्यानंतर या आकड्याचे मोल सांगावे लागत नाही. तरीही ऑनलाइन पूर-बातमीत तो अनेकदा धरणांचे विसर्ग आणि पाण्याखालच्या बंधाऱ्यांची नावे यांच्या गर्दीत हरवतो. माहिती चूक नसते, अपुरीही नसते. घोळ मांडणीत असतो.

नजर कुठे थांबते?

स्क्रीनवर लोक ओळीमागून ओळ वाचत नाहीत. नीलसन नॉर्मन ग्रुपने २००६ मध्ये नजरेचा माग काढला, तेव्हा वाचक वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचतो आणि मग डाव्या कडेने खाली घसरतो, असे दिसले. म्हणजे पहिल्या दोन ओळींत ‘जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या वतीने प्रसिद्धीस देण्यात येते की’ असे आले, तर हातची जागा वाया गेली. तिथे पातळी हवी, नोंदीची वेळ हवी, पाणी वाढतेय की उतरतेय हे हवे. त्याखाली सुतारवाडा, चिखली, आंबेवाडीच्या लोकांनी काय करायचे ते. धरणांचा तक्ता खाली गेला तरी बिघडत नाही. ज्याला राधानगरीचे दरवाजे किती उघडले हे पाहायचे आहे, तो तिथवर जातोच.

४२.१० म्हणजे किती?

पातळी फूट-इंचांत मोजली जाते, पण लिहिताना मध्ये टिंब पडले की गोंधळ होतो. ‘४२.१०’ हे ४२ फूट १० इंच असेल, तर धोका पातळी दोनच इंच दूर आहे. दशांशात वाचले, तर जवळपास अकरा इंच दूर. पाणी चढत असताना हा फरक सामान कधी हलवायचे हे ठरवतो. ‘४२ फूट १० इंच’ असे लिहायला चार-पाच अक्षरे जास्त लागतात, इतकेच.

रंगांचेही तसेच. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे ओळखीचे झालेत, म्हणून काही ठिकाणी पांढऱ्यावर पिवळी अक्षरे टाकली जातात. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर पिवळा त्याच्या आसपासही पोचत नाही. त्यात देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर जसेच्या तसे ठेवले की मात्रा एकमेकींना भिडतात. बारीक ठळक टाइपात ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागतात. चष्मा घरात राहिलेल्या आजोबांनी काय करावे?

फोटोतला मजकूर

इशारा सुबक पोस्टर करून टाकण्याची पद्धत आता रुळली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर झपाट्याने फिरते, हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण चित्रातली अक्षरे मोठी केली की धूसर होतात, शोधात सहसा सापडत नाहीत आणि अंधांच्या स्क्रीन रीडरला नीट वाचता येत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पीडीएफ तर कॉपी केल्यावर निव्वळ चिन्हांचा खिचडा देते. शिवाय पोस्टरवर तारीख-वेळ कोपऱ्यात बारीक असली, की कालचा आकडा आज फिरत राहतो. वेळ आकड्याला चिकटून, त्याच आकारात असली पाहिजे. आणि पोस्टर टाकायचेच असेल, तर त्यावरची तीन वाक्ये त्याखाली टाइप करून द्यायला दोन मिनिटे लागतात.