अठरा ज्याचे, गोष्ट त्याची

‘आकडे सोडा रे, गोष्ट महत्त्वाची!’ डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर हे नेहमी तोच म्हणतो, ज्याचे आकडे मोठे असतात. मीही म्हणायचो.

भाईंदर पश्चिमेला मित्राच्या घरी आम्ही पाच जण दर रविवारी खेळायचो. पात्र बनवताना चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा, उरलेल्यांची बेरीज करायची. चपळाईसाठी मला १८ पडले. मेगाब्लॉक सोसून विरारहून येणाऱ्या मैत्रिणीचा सर्वांत मोठा आकडा १३. म्हणजे मला अधिक ४, तिला अधिक १. वीस बाजूंच्या फाशावर हा फरक १५ टक्क्यांचा, तोही दर वेळी. कुलूप मी उघडायचो, राक्षसही मीच मारायचो. ती फोन बघत बसायची. मग यायचीच बंद झाली.

‘नशीब हाच तर खेळ’ म्हणणारे १९७४चे मूळ नियम दाखवतात. पण तेव्हा या आकड्यांना एवढं वजनच नव्हतं. पात्र मेलं की लगेच दुसरं बनायचं. आज एकच पात्र वर्षभर चालतं. एका दिवसाचं नशीब वर्षभर का भोगायचं?

२०१४च्या नियमांत २७ गुणांची खरेदी आहे. १५ हवेत तर ९ गुण मोजा. तीन पंधरा घेतले की बाकी तिन्ही आठ. ‘मग सगळे सारखेच होतात’? मुळीच नाही. कुठे कमी पडायचं हे आपण ठरवतो, आणि पात्राचा स्वभाव तिथूनच सुरू होतो.

समतोल म्हणजे सगळे सारखे नव्हेत. प्रत्येकाची पाळी येणं.

आता आमच्याकडे फासे फक्त खेळताना, पात्रं २७ गुणांतच. तिला तसं कळवलंय.