देणगी आणि देणें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका खाणकंपनीचा वार्षिक अहवाल आला. आमच्या कनिष्ठ चिरंजिवांनीं त्या कंपनीचे थोडे शेअर घेतलेले आहेत. अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेला व चित्रांनीं सजविलेला होता. शाळेस दिलेले नवे बाक, आरोग्यतपासणीसाठीं जमलेल्या स्त्रिया, एका गांवांत पिण्याचें पाणी पुरविणारा टँकर, अशीं तीं चित्रें होतीं. ज्याचें आयुष्य शाळेंत गेलें त्यास बाकांचें चित्र पाहून आनंद व्हावा हें स्वाभाविकच होय. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं तो अहवाल सर्वांस दाखविला आणि "कंपनी असावी तर अशी!" असा अभिप्रायहि देऊन टाकिला.

आमच्या वहिनींचें माहेर गोव्यांतील डिचोली तालुक्यांत आहे. त्यांनीं चष्मा लावून तें टँकरचें चित्र पुष्कळ वेळ न्याहाळलें आणि शांतपणें विचारिलें, "भाऊजी, यांत टँकर दिसतो आहे, विहीर कोठें आहे?"

आम्ही निरुत्तर झालों. त्यांच्या माहेरची विहीर जवळच्या खाणीचा खड्डा खोल गेल्यावर आटली, आणि पुढें त्याच खाणीचा टँकर दारांत येऊं लागला, हें आम्हीं पूर्वीं ऐकिलें होतें. ती खाण निराळ्या कंपनीची. परंतु प्रश्न मात्र दोन्हींकडे लागू पडणारा. टँकर ही देणगी, कीं विहिरीचें देणें? हे दोन शब्द एकाच धातूपासून निघालेले असले तरी त्यांच्या अर्थांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. देणगी दिली तर पुण्य लागतें. देणें फेडलें तर केवळ ऋण फिटतें.

खाणीमुळें विहीर कां आटावी, हें ज्यांनीं खाण पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. गोव्यांतील लोहखनिज डिचोली, सत्तरी, सांगें, केपें या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यांत आहे. पावसाळ्यांत येथें सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यांतील बरेंचसें पाणी हे डोंगर पोटांत सांठवितात आणि वर्षभर झऱ्यांना व विहिरींना पुरवितात. खड्डा भूजलाच्या पातळीखालीं गेला कीं खणणाऱ्यास तें पाणी पंपानें अहोरात्र उपसावें लागतें, आणि आसपासच्या विहिरींचें पाणी त्या खड्ड्याकडे ओढलें जातें. शिवाय एक टन खनिज हातीं लागावें म्हणून सुमारें अडीच ते तीन टन माती-दगड बाजूस काढावे लागतात. त्यांचे ढीग नीट बांधून घातले नाहींत, तर आषाढांतील पाऊस तो गाळ ओहोळांत आणि भातशेतांत आणून सोडतो. याप्रमाणें एकाच खाणीनें विहीर रिकामी होते आणि शेत भरून जातें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं किमान २ टक्के रक्कम लोकोपयोगी कार्यांवर खर्च करावी लागते. यासच कंपनीचें सामाजिक उत्तरदायित्व म्हणतात. उत्तम गोष्ट आहे. परंतु याच विषयाच्या २०२१ सालीं सुधारलेल्या नियमांत एक वाक्य फार मोलाचें आहे: अन्य कोणत्याहि कायद्यानें जें कर्तव्य कंपनीवर आधींच लादलेलें आहे, त्याचा खर्च या २ टक्क्यांत धरतां येणार नाहीं. म्हणजे ढीग बांधणें, गाळ अडविणें, खाण बंद करतांना जमीन पूर्ववत् करण्याची योजना पार पाडणें, यांस देणगी म्हणण्याची मुभा कायद्यानेंच ठेविली नाहीं. आमच्या वहिनींनीं हे नियम वाचलेले नाहींत. पण त्यांचा प्रश्न नेमका याच नियमांतला होता.

दुसरी तरतूद २०१५ सालची. खाणीखालीं सांपडलेल्या जिल्ह्यांसाठीं जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापावें आणि खाणवाल्यानें त्यांत रॉयल्टीच्या प्रमाणांत भर घालावी, असें ठरलें: जुन्या पट्ट्यांसाठीं रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावानें दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठीं १० टक्के. लोहखनिजावर रॉयल्टी सरासरी विक्रीकिमतीच्या १५ टक्के. आतां शाळेंतील त्रैराशिक मांडूं. शंभर रुपयांच्या खनिजावर रॉयल्टी पंधरा रुपये. तिचा दहावा हिस्सा दीड रुपया. लिलावाची बोली निराळी असते, पण ती राज्याच्या तिजोरींत जाते. ज्या गांवाचा डोंगर गेला त्याच्या जिल्ह्यासाठीं शंभरांतून दीड रुपया या प्रतिष्ठानांत येतो. तो पुरेसा आहे कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस या प्रश्नाचें मर्म कळणें कठीण जाऊं नये. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनें आम्हांस काय शिकविलें? वडिलोपार्जित स्थावरांत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. कर्ता हा त्या इस्टेटीचा धनी नसून राखणदार आहे. आपत्काल, कुटुंबाचें पोषण किंवा अवश्य धर्मकार्य यांवांचून त्यानें ती विकूं नये. डोंगरांतील खनिज हें असेंच वडिलोपार्जित स्थावर आहे. तें एकदां विकलें कीं पुन्हां उगवत नाहीं. ज्या कर्त्यानें आंबराई विकली आणि त्या पैशांतून नातवांना पेढे वाटले, त्यास आपण उदार म्हणत नाहीं. राहिलेली रक्कम कोठें ठेविली आहे, असें विचारतों.

हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेंहि विचारला. गोव्यांतील बेकायदेशीर उत्खननाविषयीं शहा आयोगाचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं खाणी थांबल्या. पुढें २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें वार्षिक उत्खननास २ कोटी टनांची मर्यादा घातली, आणि खनिजविक्रीच्या उत्पन्नांतून १० टक्के रक्कम एका कायम निधींत जमा करण्याचा आदेश दिला. हेतु हा कीं, जीं मुलें अद्याप जन्मास आलेलीं नाहींत त्यांचाहि या संपत्तींत वांटा राहावा. निकाल इंग्रजींत लिहिलेला आहे. परंतु वाचतांना आम्हांस मिताक्षरेची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

याचा अर्थ खाणीच नकोत असा आम्ही करीत नाहीं. विळीपासून रेल्वेच्या रुळापर्यंत लोखंडावांचून कोणाचें चालतें? २०१२ सालीं, आणि पुन्हां २०१८ सालीं ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण न्यायालयानें रद्द केल्यावर, ज्यांनीं कर्ज काढून ट्रक आणि बार्जी घेतल्या होत्या त्यांच्या घरांवर काय ओढवलें, हें वहिनींच्या माहेरच्यांनींच आम्हांस सांगितलें आहे. त्यांच्या एका भाच्याचा ट्रक कित्येक महिने अंगणांत उभा होता आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच होते. ज्या घराची विहीर आटली त्याच घराचा ट्रकहि थांबला. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, खणणाऱ्यानें आधीं देणें फेडावें, मग देणगी द्यावी. आणि हिशेबांत दोन्हींचीं सदरें निराळीं ठेवावीं.

शेवटीं आमच्या स्वतःच्या घराविषयीं. शेअर घेणारा हा कंपनीचा अंशतः मालकच असतो. तेव्हां कंपनीचें जें देणें, त्याचा अल्पसा कां होईना, अंश आपल्याकडेहि येतो. ही गोष्ट ध्यानीं आल्यावर आम्हीं चिरंजिवांकडून कंपनीस एक पत्र धाडविलें. त्यांत तीनच प्रश्न आहेत: खाणीभोंवतालच्या किती विहिरींची पातळी दरवर्षीं मोजली जाते आणि ते आंकडे कोठें पाहावयास मिळतील? गतवर्षीं गाळ शिरलेल्या किती शेतांची भरपाई झाली? आणि टँकरचा खर्च कोणत्या सदरांत लिहिला आहे? ज्यांच्या घरीं असे शेअर असतील त्यांनींहि विचारून पाहावें. वार्षिक सभेंत लहान भागधारकासहि प्रश्न विचारतां येतो.

पत्रास उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मध्यंतरीं लाभांश मात्र आला. तो घरच्या जमाखर्चांत कोठें लिहावा, असें चिरंजिवांनीं विचारिलें. आमचे तीर्थरूप वर्षप्रतिपदेस नवी वही घालीत, तेव्हां पहिल्या पानावर लोकांचें देणें लिहीत आणि धर्मादाय त्यानंतरच्या पानावर. आम्हीं चिरंजिवांस सांगितलें, "उत्तर येईपर्यंत तो पहिल्या पानावर असूं दे." वहिनी जवळच बसल्या होत्या. त्यांनीं मान हालविली.