परिवीक्षा अधिकाऱ्याचे शिक्षण

'प्रोबेशन' म्हटले की शिक्षकाला वा कारकुनाला नोकरीतील उमेदवारीची पहिली वर्षे आठवतात. न्यायालयात त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सुधारण्याची संधी देणे, म्हणजे परिवीक्षा. ही संधी कोणाला मिळावी हे पुष्कळदा परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावर अवलंबून असते. तो अहवाल लिहिण्याचे शिक्षण या अधिकाऱ्याला कोण देतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील आरोपी दोषी ठरला, तर त्याला सहसा कारावास देऊ नये, असे बंधन न्यायालयावर आहे. तसा निर्णय करण्यापूर्वी अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली तर बालक मंडळापुढे प्रथम हजर झाल्यापासून पंधरा दिवसांत त्याच्याविषयीचा सामाजिक तपासणी अहवाल सादर व्हावा लागतो.

पंधरा दिवसांत एका मुलाचे आयुष्य जाणून घ्यावयाचे! 'कुटुंब गरीब, वर्तणूक साधारण' असे लिहून रकाना भरता येतो. परंतु मुलाने शाळा का सोडली, घरात तो कोणाचे ऐकतो, त्याला हाताशी धरून काम शिकविणारा कोणी गावात आहे काय, हे त्यातून कळत नाही. जाणकार अधिकारी नेमके तेच शोधतो. शेजाऱ्यांच्या साक्षीत किती सत्य आणि किती आकस, याचीही पारख त्याला असावी लागते. 'गुन्हेगार जमाती'चा कायदा १९५२ मध्येच रद्द झाला. तरीही पारध्यांच्या पालावरील मुलाची चौकशी करताना 'यांची जातच तशी' हे उद्गार ऐकू येतातच. ते अहवालात 'चारित्र्य संशयास्पद' असे रूप घेऊन उतरले, तर रद्द झालेला कायदा त्या मुलापुरता पुन्हा लागू झाला असेच म्हणावे लागेल.

समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण या देशात मुंबईतच, १९३६ साली, सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विद्यालयात सुरू झाले. अशा पदवीचे मोल कमी नाही. परंतु पदवी मनुष्याला समजून घ्यावयास शिकविते, तर न्यायालयाला पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने ठरविलेले वेगवेगळे मांडलेले हवे असते. शिवाय अहवालाने काम संपत नाही. सुटलेल्याला रोजगार मिळवून देण्यासाठी खटपट करणे हेही कायद्याने अधिकाऱ्याकडेच सोपविले आहे. त्यासाठी कारखानदार, कंत्राटदार, मुख्याध्यापक यांच्याकडे खेटे घालावे लागतात. ही विद्या कलमांवरील व्याख्यानांनी येत नाही, आणि दोन दिवसांच्या शिबिरात प्रमाणपत्र व चहापान यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

नव्या अधिकाऱ्याने पहिले काही महिने अनुभवी सहकाऱ्याबरोबर वस्त्यांत हिंडावे, आणि त्याचे पहिले अहवाल त्या सहकाऱ्याच्या नजरेखालून गेल्याविना पुढे जाऊ नयेत. जुन्यांसाठीही वर्षातून काही दिवस राखून ठेवावेत आणि त्यांत निकाली प्रकरणांचे अहवाल चर्चेस घ्यावेत. अर्थात हे अहवाल गोपनीय असल्याने नावे व ओळखीच्या खुणा वगळूनच. या बैठकींना दंडाधिकाऱ्यांनाही बोलवावे. अहवाल कोणत्या वाक्यापाशी निरुपयोगी ठरतो, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.