कमरेवरचे शिसे

आमच्या बेल्याला समुद्र नाही. पाणी म्हटले की पैनगंगा. पण हल्ली आपली मुले सुट्टीत तारकर्लीला, नाहीतर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंगला जातात. माझी भाचीही निघाली आहे. तिची कंबर मुळातच दुखरी, म्हणून मी वजनाची नीट चौकशी केली.

अंग आणि रबरी पोशाख पाण्यावर तरंगतात. खाली जायला शिसे लागते. कन्नडात म्हणतात ते सीस. नेहमीचा प्रकार म्हणजे शिशाचे ठोकळे ओवलेला कमरपट्टा. स्वस्त, सुटसुटीत, पण सगळा भार कमरेवर. दुसरा प्रकार, जॅकेटच्या खिशांतले वजन. कमर मोकळी राहते, मात्र जॅकेट उचलायला जड होते. तिसऱ्यात खांद्यावरून पट्टे येतात आणि भार खांदे पेलतात. भाचीला मी हाच सुचवला.

प्रकार कोणताही असो, वजन एका हाताने झटकन सुटले पाहिजे. संकटात तेच टाकून माणूस वर येतो.

वजन किती? जॅकेट रिकामे करून, नेहमीचा श्वास रोखून पाण्यात उभे राहावे. पाणी डोळ्यांपाशी आले आणि श्वास सोडताच हळूहळू बुडू लागलो, तर वजन योग्य. हवा संपत आली की टाकी सुमारे २ किलोने हलकी होते, तेवढे जादा धरावे. खाऱ्या पाण्यात नदीपेक्षा अधिक वजन लागते.

पहिल्या खेपेला हे प्रशिक्षकच ठरवतात. पण कमरेचे दुखणे त्यांना होडीत बसण्यापूर्वीच सांगावे. मुली भिडेपोटी गप्प बसतात; आयांनो, तेवढे तुम्ही बजावा.