व्यक्तीवर विश्वास, जनतेकडे पाठ

५ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी दिल्लीलगतच्या हिंडन हवाई तळावर बांगलादेशच्या पदच्युत पंतप्रधान शेख हसीना उतरल्या. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवाल तेथे त्यांना भेटले. सहाच आठवड्यांपूर्वी, २२ जूनला, याच दिल्लीत पंतप्रधान मोदींनी त्यांचे थाटात स्वागत केले होते. विद्यार्थ्यांच्या उठावाने केवळ एक राजवट कोसळली नाही. त्या राजवटीच्या खांद्यावर मान टाकून निर्धास्त झोपलेले मोदी सरकारचे धोरणही कोसळले.

धोक्याच्या खुणा दिसत नव्हत्या काय? २०१४ साली ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध झाल्या. २०१८ ची निवडणूक गैरप्रकारांच्या आरोपांनी डागाळली आणि त्याच वर्षी डिजिटल सुरक्षा कायद्याने पत्रकारांची मुस्कटदाबी सुरू झाली. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षाप्रमाणेच बांगलादेशच्या कम्युनिस्ट पक्षानेही बहिष्कार टाकला. तरीही मोदींनी दुसऱ्याच दिवशी हसीनांचे अभिनंदन केले! जुलैत ढाक्याच्या रस्त्यांवर गोळ्या चालू लागल्या, तेव्हा ही ‘अंतर्गत बाब’ ठरली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे त्या दडपशाहीच्या काळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली.

हा केवळ भाबडेपणा नव्हता. या विश्वासाला वर्गीय आधार होता. झारखंडमधील गोड्डा येथील अदानींच्या १,६०० मेगावॅट केंद्राची वीज बांगलादेशला विकण्याचा २५ वर्षांचा करार २०१७ मध्ये झाला, आणि तिच्या चढ्या दराविरुद्ध तेथे असंतोष धुमसत राहिला. उत्तर बांगलादेशच्या शेतकऱ्याला ज्याची आस होती, तो तीस्तेच्या पाणीवाटपाचा २०११ चा मसुदा मात्र धूळ खात पडला. मक्तेदारांना वीज विकायला मित्र हवा. शेतकऱ्याला पाणी द्यायला मात्र सवड नाही!

हसीना धर्मांधांविरुद्धचा बुरूज होत्या, असे सांगितले जाते. ईशान्येतील बंडखोरांविरुद्ध त्यांनी भारताला सहकार्य दिले, हे खरेच. पण २०१७ साली हेफाजत-ए-इस्लामच्या दडपणाखाली सर्वोच्च न्यायालयासमोरील न्यायदेवतेचा पुतळा कोणी हलवला? मतपेटी बंद केली, जनवादी विरोध चिरडला, की असंतोषाला धर्मांधांचाच आसरा उरतो. सत्तांतरानंतर अल्पसंख्याक हिंदूंवर झालेले निंद्य हल्ले आणि भारतद्वेषाची लाट ही या धोरणाचीही कटू फळे आहेत.

दिल्लीच्या दोन बाजूंना या राजवटीचे दोन चेहरे दिसले. हिंडनला पदच्युत हुकूमशहासाठी दारे उघडली. गुरुग्राममध्ये जुलै २०२५ मध्ये बंगाली बोलणाऱ्या कष्टकऱ्यांना ‘बांगलादेशी’ म्हणून पकडून सामुदायिक केंद्रांत डांबले गेले. त्यांतील अनेक जण पश्चिम बंगाल व आसामचे भारतीय नागरिक होते. शेजारी देशाचे नाव शिवीसारखे वापरायचे आणि त्याच देशाकडून मैत्रीची अपेक्षा करायची, हे कसे जमावे?

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्याच्या न्यायाधिकरणाने हसीनांना गैरहजेरीत फाशी सुनावली. फाशीचे समर्थन आम्ही करणार नाही. आश्रय देणेही गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो एका व्यक्तीला राष्ट्र समजण्याचा. १९७१ ची मैत्री दोन जनतांनी रक्त सांडून घडवली होती. ती टिकवायची तर तीस्तेचा न्याय्य करार करा, गोड्डा कराराची उघड चौकशी करा आणि बंगाली भाषक कामगारांचा छळ थांबवा. राज्यकर्ते येतील आणि जातील. शेजारची जनता कायम राहणार आहे.