परभणीची बाई कुणाच्या वहीत?

बीड जिल्ह्यातल्या बाईला स्तनाचा कर्करोग झाला, तर तिची नोंद घेणारी एक वही आहे. गोदावरी ओलांडून पाथरीत आलात, की ती वही संपते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातल्या लोकसंख्येवर आधारित सात नोंदण्या आहेत : मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. परभणी त्यांत नाही. आपल्याकडचा पेशंट देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला टाटात पोहोचला, तर तिथल्या कागदावर येतो. गावातच गेला, तर ‘अशक्तपणा होता’ एवढंच मागे उरतं.

रोग मोजणाऱ्या माणसाला साथरोगतज्ज्ञ म्हणतात. कर्करोगाची साथ येत नाही, तरी शब्द हाच रूढ आहे. कुणाला होतो, कुठे होतो, किती उशिरा कळतो, हे तो शोधतो. आपल्या देशात हे काम १९६३ मध्ये मुंबईत डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी सुरू केलं. त्यांच्या गटाने धर्मवार आकडेही मांडले. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त दिसला, मुसलमान स्त्रियांत गर्भाशयमुखाचा हिंदू स्त्रियांपेक्षा कमी. १९८५ मध्ये भारतीय मुसलमानांच्या कर्करोगावर त्यांचा स्वतंत्र लेख आला. यात मिरवण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखंही नाही. फरक पडतो तो लग्नाचं वय, मुलांची संख्या, अंगावर दूध पाजणं, खतना, खाणंपिणं यांनी.

मुली शिकतील, उशिरा लग्न करतील, एक-दोन मुलं होतील, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. उद्या कुणी हेच कारण सांगून मुलींना शाळेतून काढायला निघालं, तर त्याला सांगा : गर्भाशयमुखाचा कर्करोग लहान वयातल्या लग्नाने आणि जास्त बाळंतपणांनी वाढतो.

बार्शीची गोष्ट आपल्या जास्त कामाची. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, ३४६ गावांसाठी. रुग्णालयात वही उघडून बसलं तर पाने कोरी राहिली असती, कारण खेड्यातली बाई रुग्णालयात येतच नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. लोकांशी बोलले, लक्षणं समजावली, शंका आली त्यांना तपासणीला यायला राजी केलं. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण वाढलं. मोठी यंत्रं न आणता, बोलून.

मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून टाटाने दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. तपासणारी बाईच होती, मॅमोग्राफीचं मशीन नव्हतं. ‘डॉक्टर पुरुष आहे’ म्हणून महिनोन्‌महिने गाठ लपवणाऱ्या आपल्या खाला-फुफींसाठी याहून सोपा मार्ग कोणता?

लिम्फोमाची अडचण वेगळी. हा लसिकाग्रंथींचा कर्करोग. मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ, ताप, रात्री घाम, वजन घटणं. टीबीचीही लक्षणं हीच. आपल्याकडे टीबी जास्त, त्यामुळे मानेत गाठ दिसली की तुकडा न तपासताच कधीकधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात. सुईच्या तपासणीत शंका राहिली, तर गाठ काढून बायोप्सी करावी लागते. तरुणांना होणारा हॉजकिन लिम्फोमा वेळेत सापडला, तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. म्हणून गोळ्या चालू असूनही गाठ वाढत असेल, तर ‘बायोप्सी झाली का?’ हे डॉक्टरांना विचारायला घाबरू नका. त्यात त्यांचा अपमान नाही.

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सामुदायिक आरोग्य विभागाने बार्शीच्या धर्तीवर नोंदणी सुरू करावी, अशी आमची मागणी आहे. जिंतूर, पालम, गंगाखेडच्या खेड्यांसह, फक्त शहरापुरती नाही. तीस वर्षांपुढच्या स्त्रियांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम कागदावर आहेच. आपल्या मोहल्ल्यात आशाताई कधी आल्या, कुणी दार उघडलं, कुणी परत पाठवलं, हे आपणही विचारू शकतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावर उपचार होतात, हे घरोघरी सांगू शकतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. पाळण्यांच्या आणि मिठाईच्या रांगेत एक पडदा लावलेला तंबू, आत दोन परिचारिका, बाहेर नावं लिहून घेणारी चार मुलं-मुली. परवानगीचा अर्ज डिसेंबरमध्येच करावा लागेल.